वल्हांडणानंतरचा मात्सा: पाच खोक्यांच्या गठ्ठ्याचे परीक्षण

ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या, म्हणजे पेसाखच्या, आधीचे काही आठवडे अमेरिकेतल्या किराणा दुकानांत यंत्रावर तयार केलेला साधा, गव्हाचा, चौकोनी मात्सा, म्हणजे सणात खायची बिनखमिराची पोळी, पाच खोक्यांच्या गठ्ठ्यात विकायला येतो. या मालाची परीक्षणे बहुधा सणापूर्वीच लिहिली जातात आणि कोणाच्या पोळ्या अधिक खरपूस, कोणाच्या खोक्यात तुकडे कमी, एवढेच त्यांत पाहिलेले असते. परंतु सणाच्या आठ दिवसांत मात्साला घरात कोणी प्रतिस्पर्धीच नसतो. पाव, पास्ता, केक, बिस्किटे हे सारे खमिराचे, म्हणजे हामेत्सचे पदार्थ घराबाहेर गेलेले असल्यामुळे जो मात्सा समोर येईल तो निमूटपणे खाल्ला जातो. सण संपून पहिला ताजा पाव घरात आला, की मात्र कपाटातल्या उरलेल्या खोक्यांकडे कोणी वळून पाहत नाही, आणि त्या वस्तूत काही गुण असतील तर ते तेव्हाच दिसायला हवेत. म्हणून हे परीक्षण उरलेल्या मात्साचे आहे.

तो इतका उरतो याचे कारण धार्मिक कमी आणि व्यापारी अधिक आहे. गठ्ठ्यात एक-एक पौंडाचे पाच खोके असतात, म्हणजे एकूण वजन सव्वादोन किलोंच्या थोडे वर जाते. एका खोक्यात साधारण चौदा ते सोळा पोळ्या बसतात. तेव्हा गठ्ठा घेणाऱ्याच्या घरी सत्तर ते ऐंशी पोळ्या येतात. सेदरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या, विधीसाठी टेबलावर तीन पोळ्या लागतात, जेवणात प्रत्येकाच्या वाट्याला आणखी एखाद-दुसरी येते आणि इस्राएलबाहेर सेदर दोन रात्री होत असल्यामुळे हा खर्च दुप्पट धरावा लागतो. पुढच्या दिवसांत न्याहारीला लोणी किंवा जॅम लावून काही पोळ्या संपतात. एवढे सगळे धरूनही लहान कुटुंबात दोन खोके न उघडता राहणे अगदी साहजिक आहे. असे असूनही लोक गठ्ठाच घेतात, कारण ज्यू वस्ती मोठी असलेल्या भागांतली अनेक दुकाने ठरावीक रकमेच्या खरेदीवर तो नाममात्र किमतीत, कधी कधी फुकटही देतात आणि सुटा खोका त्या मानाने महाग पडतो. शिवाय सणाआधी हामेत्स घरातून काढण्याची किंवा विकण्याची सक्ती आहे, तशी सणानंतर मात्सा काढण्याची सक्ती कोणत्याही धर्मशास्त्राने केलेली नाही. त्यामुळे तो कपाटात राहतो तो राहतोच.

खोक्यात नेमके काय मिळते, ते आधी पाहू. पीठ आणि पाणी, याखेरीज काहीही नाही. पिठाला पाणी लागल्यापासून भट्टीतून बाहेर पडेपर्यंत १८ मिनिटांपेक्षा अधिक वेळ पीठ स्वस्थ पडून राहता कामा नये, हा नियम या वस्तूचा सगळा स्वभाव ठरवतो. पिठाला मुरायला वेळ मिळत नाही, मिठाची चव नाही, स्निग्धांश जवळजवळ नाही. पोळी फुगू नये म्हणून तिच्यावर ओळीने भोके पाडलेली असतात आणि अतिशय तापलेल्या भट्टीतून ती झटपट बाहेर काढलेली असते. एका पोळीचे वजन तीस ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक साधारण ११० कॅलरी. खाकऱ्याइतकी पातळ आणि कोरडी, परंतु तेल, मीठ, मसाला या तिन्हींना पारखी, असे तिचे वर्णन करता येईल. नुसती खाल्ली तर पहिल्या घासाला भाजलेल्या गव्हाचा वास येतो, दुसऱ्या घासाला पुठ्ठ्याची आठवण होते आणि तिसऱ्याला पाणी लागते. पोटावर होणाऱ्या तिच्या परिणामाबद्दल ज्यू घरांत पिढ्यान्‌पिढ्या जे विनोद चालत आले आहेत, ते निराधार नाहीत.

हे सगळे दोष नुसत्या खाण्याच्या दृष्टीने आहेत. स्वयंपाकातला कच्चा माल म्हणून याच वस्तूकडे पाहिले, तर तेच गुण ठरतात आणि माझ्या मते उरलेल्या मात्साबाबत हीच दृष्टी ठेवायला हवी. जिला स्वतःची चव नाही ती पोळी गोड आणि तिखट दोन्ही पदार्थांत चालते. जिच्यात ओलावा नाही ती दूध, अंडे, रस्सा, जे समोर येईल ते शोषून घेते. आणि जिचा आकार नेमका चौकोनी आहे ती भाजण्याच्या ट्रेमध्ये फार काटछाट न करता बसते. हा चौकोन सहजासहजी मिळालेला नाही. मात्साचे पीठ लाटणारे पहिले यंत्र १८३८ मध्ये फ्रान्सच्या अल्सेस भागातल्या आयझॅक सिंगर यांनी तयार केले. गोल पोळ्या कापल्यावर उरणारे कडेचे पीठ पुन्हा मळले गेले तर तेवढ्या वेळात त्याला खमीर चढेल, अशी धास्ती अनेकांना होती. चौकोनी पोळीमुळे ही कड उरणेच बंद झाले. तरीही १८५९ मध्ये पूर्व युरोपातल्या ब्रोडीचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, श्लोमो क्लुगर यांनी यंत्राच्या मात्साविरुद्ध कडक निर्णय दिला, ल्वोवचे रब्बी योसेफ शाऊल नॅथनसन यांनी त्याला उत्तर दिले आणि हा वाद बराच काळ धुमसत राहिला. अमेरिकेत १८८८ मध्ये सिनसिनाटी येथे सुरू झालेल्या मॅनिशेविट्झ कंपनीने यंत्राचा चौकोनी मात्सा घरोघरी पोहोचवला. आज भाजणाच्या ट्रेमध्ये तीन-चार थर सरळ रचता येतात, त्यामागे हा सगळा खटाटोप आहे.

उरलेल्या मात्साची पहिली आणि सर्वांत प्रामाणिक कसोटी म्हणजे मात्सा ब्राय. पोळ्यांचे तुकडे करायचे, ते भिजवायचे, पिळायचे, फेटलेल्या अंड्यात घालायचे आणि तव्यावर परतायचे, एवढीच ही कृती आहे; परंतु मात्साचा प्रत्येक दोष तिच्यात उघडा पडतो. यंत्राचा पातळ मात्सा गरम पाण्यात मिनिटभराच्या आत लिबलिबीत होतो आणि पिळताना त्याचा लगदा होतो. तोच गार पाण्याखाली धरून लगेच निथळला, तर कडा मऊ पडतात आणि मधला भाग किंचित चिवट राहतो, आणि तो चिवटपणाच या पदार्थाचा जीव आहे. थोड्या जाड मात्साला दोन मिनिटे भिजवले तरी तो आकार धरून राहतो, म्हणून ब्रायसाठी मी जाड मात्साच अधिक पसंत करेन. प्रमाण साधारण एका पोळीला एक अंडे. अंडी कमी पडली तर तुकडे एकमेकांना धरत नाहीत, जास्त झाली तर साधे ऑम्लेट होते आणि मात्सा संपवण्याचा हेतूच बाजूला राहतो.

त्यात साखर आणि दालचिनी घालायची की मीठ, मिरपूड आणि तांबूस परतलेला कांदा, यावर अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, घरांत जो वाद चालतो त्यात बाहेरच्याने पडू नये हे खरे. तरीही परीक्षण लिहिणाऱ्याने मत द्यायलाच हवे, तर खारी बाजू सरस आहे. साखर मात्साचा कोरेपणा झाकते, कांदा मात्र त्याच्या भाजलेल्या वासाला वर आणतो. खाऱ्या ब्रायसाठी कोंबडीची वितळवलेली चरबी, म्हणजे श्माल्ट्स वापरली तर चव आणखी खुलते. फक्त मग त्याच जेवणात दही, चीज किंवा लोणी आणता येत नाही, कारण कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकात मांस आणि दूध एकत्र येत नाहीत. ही अडचण वाटत असेल तर लोण्यात परतावे. तव्यावर सतत ढवळू नये. एका बाजूने तपकिरी होऊ द्यावे, मग उलटावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अनेक हसिदी, म्हणजे एका कर्मठ ज्यू पंथाच्या, घरांत सणाच्या काळात मात्साला पाणी लावतच नाहीत. नीट न भिजलेले कोरडे पीठ आत राहिले असेल आणि त्याला पाण्याने खमीर चढेल, ही त्यामागची शंका. अशा भिजवलेल्या मात्साला गेब्रोक्ट्स म्हणतात आणि इस्राएलबाहेर पाळल्या जाणाऱ्या आठव्या दिवशीच तेवढी मोकळीक घेतली जाते. या कुटुंबांना मात्सा ब्राय, मात्साचे गोळे किंवा थरांचे पदार्थ पोटभर खाण्याची मुभा सण उलटल्यावरच मिळते, तेव्हा त्यांच्या दृष्टीने उरलेले खोके ही अडगळ मानता येणार नाही.

दुसरी मोठी कसोटी थरांच्या पदार्थांची. तुर्कस्तान, ग्रीस आणि ऱ्होड्स बेटावरच्या सेफार्डी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यूंच्या स्वयंपाकात मीना नावाचा भरलेला पदार्थ आहे: भिजवून लवचीक केलेल्या पोळ्यांच्या थरांत पालक आणि खारे चीज, किंवा कांद्यावर परतलेला खिमा भरतात, वरून फेटलेले अंडे ओततात आणि भट्टीत सोनेरी होईपर्यंत भाजतात. या पदार्थात यंत्राच्या मात्साने मला सर्वांत अधिक समाधान दिले. पोळी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून कोरड्या कापडावर काढली की ती वाकते, ट्रेच्या कोपऱ्यात बसते आणि भाजल्यावर तिचा पदर वेगळा लागतो. खिम्याच्या मीनासाठी पाण्याऐवजी कोंबडीचा रस्सा वापरला तर मिठाची उणीव आपोआप भरून निघते. पोळी मोडायची झाली तर भोकांच्या ओळीवर मोडते, त्यामुळे कडेच्या रिकाम्या जागेसाठी पट्टी हवी असेल तर ओळ धरून हलक्या हाताने दाब दिला की पुरते. आडवी मोडू पाहिली तर मात्र तुकडेच हाती येतात.

याच मात्साचा लझान्या, म्हणजे एरवी पास्त्याच्या थरांचा होणारा पदार्थ, करण्याची पद्धतही अमेरिकेत बरीच रुळली आहे आणि तिच्याबद्दल माझे मत तितकेसे अनुकूल नाही. टोमॅटोचा रस्सा पातळ असेल तर कोरड्या पोळ्या तो सगळा पिऊन टाकतात आणि वरचा थर कोरडा पडतो. आधी भिजवलेल्या पोळ्या घातल्या तर खालच्या थराची खीर होते. रस्सा नेहमीपेक्षा सैल करून पोळ्या कोऱ्याच घालणे आणि भट्टीतून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मग कापणे, हाच त्यातला मधला मार्ग. तरीही सण संपल्यावर पास्ता पुन्हा मिळू लागलेला असताना हे करण्याचे कारण उरत नाही. मीना हा मात्सासाठीच घडलेला पदार्थ आहे. मात्साचा लझान्या सणातली अडचण भागवण्यापुरता ठीक.

पोळ्या दळून ठेवणे हा सर्वांत कमी कष्टाचा उपाय, आणि खोक्याच्या तळाशी साठलेल्या तुकड्यांना तर दुसरा उपायच नाही. तीन ते चार पोळ्यांचे मिक्सरमध्ये साधारण एक कप पीठ होते. विकत मिळणारे मात्साचे पीठ एकसारख्या दाण्याचे असते. घरी दळलेल्यात धूळ आणि खडे दोन्ही राहतात. हा फरक कटलेट किंवा कोंबडीच्या तुकड्यांना वरून लावताना फायद्याचा ठरतो, कारण खडबडीत कणांमुळे तळल्यावर आवरण अधिक कुरकुरीत होते. पावाच्या चुऱ्यापेक्षा हे पीठ तेल कमी पिते असे मला वाटते, परंतु त्यात मीठ नसल्याचे विसरले तर पदार्थ अळणी होतो. सूपमधल्या मात्साच्या गोळ्यांसाठी, म्हणजे क्नेडलाखसाठी, घरचे पीठ चाळल्याशिवाय घेऊ नये. खडे आत राहिले तर गोळा शिजूनही मध्ये कचकचतो. एक कप पीठ, चार अंडी, पाव कप चरबी किंवा तेल, पाव कप रस्सा किंवा सोडा वॉटर आणि मीठ हे नेहमीचे प्रमाण चालते. मिश्रण निदान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि गोळे झाकण न उघडता अर्धा-पाऊण तास उकळू द्यावेत. ती विश्रांती टाळली तर गोळे पाण्यात सुटतात आणि दोष मात्र मात्साला लागतो.

गोड पदार्थांत कॅरॅमल आणि चॉकलेट लावलेल्या मात्साने बाकी सगळ्यांना मागे टाकले आहे आणि ते योग्यच आहे. कागद घातलेल्या ट्रेमध्ये पोळ्या एकीला एक लावून पसरायच्या, एक कप लोणी आणि एक कप तपकिरी साखर तीन मिनिटे उकळून त्यांच्यावर ओतायची, १७५ अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे भाजायचे आणि वर चॉकलेटचे तुकडे टाकून ते वितळले की पसरायचे. पोळीतला कोरडेपणा साखरेच्या पाकाला मऊ पडू देत नाही, भोकांतून पाक खाली उतरतो आणि मिठाचा अभाव वरून भुरभुरलेल्या जाड मिठाने भरून निघतो. पाच-सहा पोळ्या एका बैठकीत संपवणारा हा एकमेव मार्ग आहे, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहीत आहे. अर्थात एवढे लोणी आणि साखर घातल्यावर पुठ्ठाही रुचकर लागेल, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात. अंड्याचा मात्सा पाण्याऐवजी फळांचा रस आणि अंडी घालून करतात. अश्केनाझी परंपरेत सणाच्या दिवसांत तो आजारी, वृद्ध आणि लहान मुलांपुरता राखलेला असतो. नुसता खायला तो साध्यापेक्षा बराच चांगला, पण भिजवला की लवकर विरघळतो आणि त्याच्या गोडसर चवीमुळे खाऱ्या पदार्थांत चालत नाही. सबंध गव्हाचा मात्सा दळण्यासाठी उत्तम, ब्रायसाठी भुसकट. ग्लुटेन नको असणाऱ्यांसाठी ओटचा मात्सा मिळतो. तो हाताळतानाच चुरा होतो, तेव्हा त्याचे पीठच करावे.

हाताने केलेल्या गोल श्मुरा मात्साची गोष्ट वेगळी. कापणीपासून ज्या गव्हावर लक्ष ठेवलेले असते त्याचा हा मात्सा पौंडाला वीस डॉलरांच्या पुढे सहज जातो, आणि तो फारसा उरतही नाही. उरलाच तर त्याला भिजवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण जाड भाग कडक राहतात आणि करपलेले डाग अंड्यात कडू उतरतात. तो जसा आहे तसाच, चरचरीत मुळ्याबरोबर किंवा चांगल्या लोण्याबरोबर खावा. यंत्राच्या चौकोनी पोळीत नसलेली धुराची चव त्याला आहे.

टिकाऊपणात मात्र साधा मात्सा कोणालाही हार जात नाही. खोका पुठ्ठ्याचा आणि आतले वेष्टन पातळ असते. ते एकदा फाटले की दमट हवेत पोळ्या काही दिवसांतच सादळतात आणि शेजारच्या मसाल्यांचे वासही घेतात. उघडलेला माल लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. सादळलेली पोळी मध्यम भट्टीत पाच मिनिटे ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते. मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होते, तेव्हा तिथे प्रयोग करू नये. कोरडा राहिला तर मात्सा महिनोन्‌महिने चांगला राहतो. बंद खोक्यावरची तारीख बघून ठेवली की झाले.

आता प्रश्न एवढाच की गठ्ठा घ्यावा की सुटे खोके. फुकट मिळत असेल तर घ्यावा आणि दोन खोके सणापूर्वीच, न उघडता, जवळच्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्राला, द्यावेत. सणानंतर तिथेही मात्साचा ढीग लागलेला असतो. पैसे मोजायचे असतील तर चौघांच्या घराला तीन सुटे खोके पुरतात. ज्यांना केवळ मीना आणि ब्राय यांसाठीच मात्सा हवा आहे, त्यांनी सण संपण्याची वाट पाहावी, कारण त्या आठवड्यात दुकाने उरलेला साठा बऱ्याच कमी किमतीत काढतात.

जे खोके तरीही घरात राहतात, त्यांना ज्यू पंचांगाने दोन टप्पे दिले आहेत. पहिला सण संपल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, १४ इयार या तिथीला येतो. अशुद्धतेमुळे किंवा दूरच्या प्रवासामुळे ज्यांचे वल्हांडणाचे अर्पण चुकले त्यांच्यासाठी बायबलमधल्या गणना या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात दुसऱ्या वल्हांडणाची सोय सांगितली आहे. अर्पण आता होत नाही, परंतु त्या दिवशी मात्सा खाण्याची प्रथा अनेक घरांत टिकून आहे आणि राखून ठेवलेल्या चांगल्या, न तुटलेल्या पोळ्या तेव्हा काढाव्यात. दुसरा टप्पा पुढल्या वसंतातला. सेदरच्या रात्री मात्साची ओढ ताजी असावी म्हणून काहीजण वल्हांडण ज्यात येतो तो निसान महिना लागल्यापासून, तर काहीजण महिनाभर आधीच्या पुरीम सणापासूनच मात्सा खाणे थांबवतात; त्यामुळे उघडलेला डबा पुरीमच्या आत रिकामा झाला पाहिजे. वेष्टन न फाटलेला आणि वर्षभर हामेत्सपासून दूर ठेवलेला खोका पुढच्या सणालाही चालू शकतो, मात्र याबाबत आपल्या रब्बींना विचारून घ्यावे, आणि तसा खोका घरात असेल तर त्या वर्षी गठ्ठ्याच्या सवलतीकडे पाहूही नये.